अनसूयाक्कांनी उघडलेली पत्रिका

आमच्या या कन्नड मुलखातल्या गावात लॅमिंग्टन रोडवरून आत वळलं, की झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक बोळ जातो आणि त्या बोळाच्या टोकाला एक मराठी शाळा आहे. तिला चांगलं लांबलचक नाव आहे, कमानीवर रंगवलेलंही आहे. पण ते नाव रिक्षावाल्याला सांगाल तर तो तुम्हाला गावभर फिरवून आणेल. ‘मागची शाळा’ म्हणा, मुकाट्यानं दारात सोडतो. पुढं सगळ्या मोठमोठ्या शाळा, म्हणून ही मागची. या मागच्या शाळेत अनसूया नरगुंदकर एकतीस वर्षं नोकरीला होत्या, त्यातली शेवटची अठरा हेडक्लार्क म्हणून. सगळे त्यांना अक्का म्हणत. पहिलीतलं पोर अक्का म्हणे, संस्थेचे सेक्रेटरी अक्का म्हणत, आणि अक्कांचे यजमान विठ्ठलराव, तेसुद्धा वैतागले की हात जोडून अक्काच म्हणत.

बाई फटकळ. खोटं कशाला बोला? दाखला मागायला आलेल्या बापाला आधी दोन शब्द ऐकवायच्या, मग खुर्ची द्यायच्या, मग दाखला. पण दाखला त्याच दिवशी मिळायचा आणि त्यात जन्मतारीख चुकलीय असं एकतीस वर्षांत कुणी म्हणालं नाही. याचा अक्कांना गर्व होता. असू दे की. कष्टानं मिळवलेला गर्व होता तो, उसना आणलेला नव्हता.

अलीकडं या गर्वात आणखी एका गोष्टीची भर पडली होती. फोनवरून, कॉम्प्युटरवरून लोकांना गंडवायची जी नवी साथ आली, तिला अक्का पुरून उरल्या होत्या. एकदा घरी विठ्ठलरावांना व्हिडिओ कॉल आला. पलीकडं खाकी कपड्यांतला माणूस. म्हणाला, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला घरातल्या घरात अटक झालीय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. विठ्ठलराव जन्मभर भूमापन खात्यात साहेबांपुढं उभे राहिलेले; ते फोनपुढंही हात बांधून उभे राहिले. अक्का उलथनं घेऊन स्वयंपाकघरातून आल्या आणि त्या खाकीवाल्याला म्हणाल्या, “काय हो, घरातल्या घरात अटक? मग यांच्या जेवणाचं तुम्ही बघणार, की मीच बघायचं?” आणि फोन बंद करून टाकला. विठ्ठलराव आणखी दहा मिनिटं उभेच होते.

शाळेतही तसंच. सेक्रेटरी श्रीनिधी साहेबांच्या नावानं ईमेल आला: मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, बाकांच्या कंत्राटदाराला या नव्या खात्यावर ताबडतोब पैसे पाठवा. फोन करू नका म्हटल्यावर अक्कांनी पहिलं काम केलं ते फोन करायचं. साहेब कसल्या मीटिंगमध्ये! न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला फेस लावून बसले होते. त्या दिवशी अक्कांनी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याचा एक पुठ्ठा घेतला, त्यावर मार्करनं लिहिलं, ‘घाई करील तो चोर. आधी फोन, मग काम.’ खाली तेच कन्नडमधून लिहिलं आणि तो पुठ्ठा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टांगला. कॉम्प्युटर शिकवणारे दीपक सर म्हणायचे, “अक्का आहेत तोवर आपल्याला अँटिव्हायरस घ्यायचं कारण नाही.” अक्का वरवर रागवायच्या, पण घरी जाऊन विठ्ठलरावांना सांगायच्या.

आता अक्कांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. पुढच्या बुधवारी निरोप समारंभ. आणि मंडळी, नेमकी तेव्हाच अक्का एका गोष्टीवरून रुसून बसल्या होत्या.

शाळेत शेवंता नावाची बाई होती. ऑफिसातली शिपाई म्हणा, पोरांची आया म्हणा, घंटा देणारी म्हणा, सगळं तीच. मूळची अळणावरकडच्या खेड्यातली. नवरा बाबाजी गावीच शेतमजुरी करायचा. मुलगा प्रवीण बेलूरच्या कारखान्यात कामाला आणि मुलगी रूपा. अक्का आणि शेवंता एकाच वर्षी शाळेत लागलेल्या. रोज सकाळी अकराचा चहा दोघींचा एकत्र. रूपाच्या बारशाला अक्कांनी झबलं शिवून नेलं होतं, रूपाची दहावीची फी अक्कांनी हट्टानं भरली होती. तर या रूपाचं लग्न ठरलं. पंधरा दिवसांवर आलं. दुर्गदबैलच्या बाजारातल्या पत्रिकांच्या दुकानात पत्रिका छापून झाल्याची बातमी शाळेत पोचली. शिक्षकांच्या खोलीत तर चारपाच जणींच्या टेबलावर पत्रिका दिसलीसुद्धा. आणि अक्कांना नाही.

अक्का बोलून दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणजे बाकी सगळं बोलून दाखवायच्या, पण मानापानाचं नाही. चहा प्यायच्या, साडीचं विचारायच्या, जेवणात काय आहे ते विचारायच्या, आणि मनात म्हणायच्या, एकतीस वर्षं गं शेवंता, एकतीस वर्षं! शेवंता नेहमीसारखी हसायची आणि कपबश्या धुवायला न्यायची.

अशात मंगळवार उजाडला. साडेदहाच्या सुमारास शाळेचा मोबाईल वाजला. हा मोबाईल म्हणजे शाळेचा कणा होता. साडेतीनशे पालकांचे नंबर त्यात, पालकांचे ग्रुप त्यात, शाळेच्या बँकखात्याचे ओटीपीही त्याच्यावरच. तो अक्कांच्या टेबलावर, स्टँपपॅडच्या शेजारी असायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. अक्कांनी बघितलं. प्रवीणकडून आलेला निरोप. वर लिहिलेलं, ‘लग्नपत्रिका. आपण सहकुटुंब यावे.’ खाली एक फाईल.

अक्कांचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच फणकाराही आला. म्हणजे आम्हाला फोनवर पत्रिका? बाकीच्यांना हातात आणि आम्हाला फोनवर? बरं, आली तर खरी!

समोर पुठ्ठा टांगलेला. आधी फोन, मग काम. स्वतःच्या हातानं लिहिलेला. मग अक्कांनी प्रवीणला फोन का केला नाही? अहो, आमंत्रणाची कुणी खात्री करतं का? फोन करून काय विचारायचं, की बाबा, मला खरंच बोलावलंयस का? आपल्याकडं त्यापेक्षा माणूस उपाशी राहील. चोर पैसे मागतो, धाक घालतो, बक्षीस देतो, तिथं अक्का जाग्या होत्या. इथं तर कुणी काही मागत नव्हतं, मान देत होतं. आणि आलेली पत्रिका न उघडणं म्हणजे आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावर उभं ठेवणं. अक्कांनी ती उघडली.

फोननं विचारलं, हे अ‍ॅप बसवायचं का? चष्मा कपाळावर, डोळ्यांत पाणी. अक्कांनी ‘हो’वर बोट ठेवलं. मेसेज वाचायची परवानगी? हो. कॉन्टॅक्ट बघायची परवानगी? बघ बाई, बघ. पण पत्रिका काही दिसेना. ना गणपती, ना रूपाचं नाव. नुसता पांढरा पडदा.

पाच मिनिटांनी फोन वाजायला लागला तो थांबेचना. “अक्का, मदुवे यारदु? लग्न कुणाचं हो?” दुसरा पालक, “अभिनंदन अक्का, पत्रिका उघडत नाही, परत पाठवा.” तिसरी बाई, “मुलाचं लग्न आणि आम्हाला आधी बोलला नाहीत?” अक्कांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी घाईघाईनं चष्मा खाली घेतला आणि बघितलं, तर शाळेच्या नंबरवरून तीच पत्रिका सगळ्या पालकांना गेलेली होती. एकेकाला, नावानिशी.

आता जे झालं ते सांगायला हवं, कारण अक्का स्वतःच ते सगळ्यांना सांगतात. त्यांनी फोन उचलला, ड्रॉवर उघडला, जनरल रजिस्टरच्या खाली फोन सारला आणि ड्रॉवर लावून टाकला. तिथं बसून राहिल्या. पाच मिनिटं. बुधवारी निरोप समारंभ. एकतीस वर्षांत चूक नाही. आठ दिवस जाऊ देत, मग काय व्हायचं ते होऊ दे. ड्रॉवरच्या आत फोन घरघरत होता आणि अक्का त्याच्याकडं पाठ करून खिडकीबाहेर बघत होत्या. “त्या पाच मिनिटांची मला जेवढी लाज वाटते,” अक्का म्हणतात, “तेवढी पत्रिका उघडल्याची नाही वाटत.”

मग त्या उठल्या, ड्रॉवर ओढला आणि ओरडल्या, “दीपक!”

दीपक सर धावत आले. त्यांनी फोन हातात घेऊन आधी इंटरनेट तोडलं, मग सिमकार्ड काढून टेबलावर ठेवलं. “अक्का, ही खोटी पत्रिका आहे. लग्नसराईत सगळीकडं फिरते. आत चोर असतो. बसला की तुमचे ओटीपी त्याला दिसतात, आणि तुमच्याच नावानं पुढच्यांना पत्रिका जाते.” अक्कांनी ऑफिसच्या लँडलाईनवरून आधी बँकेला फोन लावला आणि शाळेचं खातं थांबवायला सांगितलं. खात्यातून काही गेलेलं नव्हतं. एवढं ऐकल्यावर त्या खुर्चीत बसल्या.

मुख्याध्यापिका निवेदिता मॅडम आल्या. बाई समजूतदार. म्हणाल्या, “अक्का, घाबरू नका. तांत्रिक बिघाडामुळे चुकीचा संदेश गेला, असं कळवू या. नाव कुणाचं घ्यायची गरज नाही. समारंभ तोंडावर आलाय.”

“कळवणार कशावरून?” अक्कांनी विचारलं. “त्याच नंबरवरून? चोराच्या तोंडानं ‘चोर आलाय’ सांगणार होय?”

अक्कांनी कपाट उघडलं आणि नोटीस-वही काढली. लाल कापडी पाठीची, जाडजूड. व्हॉट्सअ‍ॅप यायच्या आधी शाळेचा प्रत्येक निरोप या वहीतून फिरायचा. हेडक्लार्कनं लिहायचं, शिपायानं वर्गावर्गात न्यायचं, बाईंनी मोठ्यानं सांगायचं, मुलांनी डायरीत लिहायचं, घरी पालकांची सही. तीन वर्षांत वहीला हात लागला नव्हता. अक्कांनी धूळ झटकली आणि लिहायला घेतलं.

“आज शाळेच्या मोबाईलवरून आलेली लग्नपत्रिका खोटी आहे. ती उघडू नये. उघडली असल्यास फोनचं इंटरनेट लगेच बंद करावं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं, १९३० या नंबरवर तक्रार द्यावी आणि फोन घेऊन शाळेत दीपक सरांकडे यावं. कुणी रागावणार नाही. ही पत्रिका शाळेत सर्वांत आधी मी उघडली. चूक माझी आहे. – अनसूया नरगुंदकर, हेडक्लार्क.”

दीपक सर खांद्यावरून वाचत होते. “अक्का, शेवटच्या दोन ओळी काढा की. त्यांची काय गरज?”

“त्यांचीच गरज आहे,” अक्का म्हणाल्या. “ज्यांनी उघडलीय ते आत्ता फोन उशीखाली ठेवून बसले असतील. मी बसले होते तशी. त्यांना कोण बाहेर काढणार? तुमचा तांत्रिक बिघाड?”

प्रवीणचं नाव मात्र त्यांनी वहीत घातलं नाही. लग्नाचं घर होतं.

सगळ्या शिक्षकांना त्यांनी फर्मावलं, की आपापल्या फोनवरून आपापल्या वर्गाच्या पालकांना आत्ता फोन लावायचे, आवाज ओळखीचा असतो. आणि जे उचलणार नाहीत त्यांच्यासाठी डायरी. मग शेवंता वही घेऊन निघाली, नेहमीसारखी छातीशी धरून. अक्का व्हरांड्यात उभ्या राहिल्या. पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्ग, आणि एकेका वर्गातून आवाज येत होता. ‘चूक... माझी... आहे... लिहिलं का सगळ्यांनी? पूर्णविराम द्या.’ तिसरीत एक पोरगं उठून म्हणालं, “बाई, अक्कांची चूक, मग मी ‘माझी’ का लिहू?” वर्ग हसला. व्हरांड्यात अक्काही हसल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसले, पण हसल्या, हे खरं.

तोवर त्यांनी बेलूरच्या कारखान्याच्या गेटवर लँडलाईनवरून निरोप ठेवला होता. कामगारांचे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये असतात. प्रवीण मशीनवर, त्याचा फोन लॉकरात, आणि लॉकरात बसून तो फोन गावभर पत्रिका वाटत होता. एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, प्रवीणचा फोन आला. शेवंता तेव्हा वही परत आणून टेबलावर ठेवत होती.

“प्रवीण, तुझ्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. तू पाठवलीस?”

“अक्का, मी नाही पाठवली. पण मी रविवारी तसलीच उघडली होती. एका दोस्ताकडनं आली होती. अकरा हजार गेले, बँकेचा मेसेज आला तवा कळलं. लग्नाच्या हॉलचे, आचाऱ्याचे पैसे त्याच खात्यात हायत. अजून हायत. वाटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. घरात सांगितलं तर आमचे अप्पा म्हणतील, पोराच्या हातात पैसे द्यायलाच नको होते.”

“म्हणून तू तीन दिवस गप्प?”

“लाज वाटली, अक्का.”

अक्कांचा आवाज चढला. “लाज! अरे बाबा, माझी चूक आत्ता साडेतीनशे पोरांनी डायरीत उतरवून घेतली. पूर्णविरामासकट! त्यावर त्यांचे आईबाप सह्या करणार आहेत. तुला एका आईला सांगायला जड जातंय? ही बघ, इथंच उभी आहे.” आणि त्यांनी रिसीव्हर शेवंताच्या हातात दिला.

शेवंतानं सगळं ऐकलं. चेहरा उतरला, भिंतीला टेकली. मग म्हणाली, “आधी बँकेत जा. आत्ताच. साहेबाला मी सांगितलं म्हणून सांग.” आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, “जेवलास का?”

प्रवीणला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. बँकेनं खातं गोठवलं, हॉलचे आणि आचाऱ्याचे पैसे वाचले. गेलेल्या अकरा हजारांची तक्रार नोंदवली आहे. ते येतील तेव्हा येतील. बाबाजी गावाहून फोनवर एवढंच म्हणाला म्हणे, “मला सांगायचं सोडून पोरगा तीन दिवस जेवला नाही की काय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी डायऱ्यांचे गठ्ठे ऑफिसात आले. अक्का एकेक उघडून सह्या तपासत बसल्या, सवय! नऊ डायऱ्यांत सहीच्या खाली आणखी काही लिहिलेलं होतं. कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये. ‘आम्हीही उघडली.’ ‘सासऱ्यांनी उघडली, सांगत नव्हते, निरोप वाचून दाखवल्यावर कबूल झाले.’ एका बापानं लिहिलं होतं, ‘अक्का, तुम्हीसुद्धा? मग आमचं काय घेऊन बसलात!’ दुपारभर दीपक सरांच्या कॉम्प्युटर-खोलीबाहेर रांग होती, आणि शेवंता रांगेला चहा देत होती. लोक येता-जाता अक्कांच्या ऑफिसात डोकावत. अक्कांना वाटलं होतं, हसतील. हसत होतेच, पण आत येऊन, खुर्चीवर बसून हसत होते.

गुरुवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, अक्कांच्या घराची बेल वाजली. दारात शेवंता, आणि तिच्या मागं पांढऱ्या टोपीतला बाबाजी. शेवंतानं आत येऊन अक्कांना कुंकू लावलं, हातात अक्षता दिल्या, नारळ दिला आणि पिशवीतून पत्रिका काढली. जाड कागदाची, हळदीची बोटं लावलेली.

“यांना गावचं काम सोडून येता येईना,” ती म्हणाली. “जोडीनं यायचं होतं तुमच्याकडं. म्हणून थांबले.”

रुसव्याचं काय करायचं, ते अक्कांना कळेना. त्या म्हणाल्या, “बघा बाई, उघडू का? की आधी फोन करून विचारू?”

सगळे हसले. विठ्ठलराव तर हसता हसता खोकायला लागले. अक्कांनी पत्रिका उघडली. वर कुलदैवत, मग रूपाचं नाव, नवऱ्या मुलाचं नाव, मुहूर्त. अक्का खाली खाली वाचत गेल्या आणि ‘निमंत्रक’ इथं आल्या. बाबाजीचं नाव, शेवंताचं नाव, प्रवीणचं. आणि त्यांच्या खाली, त्याच टपोऱ्या अक्षरांत, सौ. अनसूया विठ्ठलराव नरगुंदकर.



“तुम्हाला पत्रिका न्हाई, न्हाई म्हणून शाळेत सगळी विचारत होती,” शेवंता म्हणाली. “मी म्हटलं, पत्रिका पाव्हण्याला देतात. बोलावणाऱ्याला कोण देतं? ही आपली दाखवायला आणलीया.”

अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. पुन्हा वाचलं. मग पत्रिका विठ्ठलरावांपुढं धरली.

“अहो, तुम्ही जरा बघा. खरंच आहे ना? मला मेलीला आता खात्री करून घेतल्याशिवाय काही खरं वाटत नाही.”

विठ्ठलरावांनी पत्रिका उजेडाकडं धरली आणि त्या नावावरून बोट फिरवलं.

“खरंच आहे,” ते म्हणाले.